गोड्या पाण्याचा हिशेब

भंडारा जिल्ह्यांतील मुलांस समुद्र ही वस्तु भूगोलाच्या पुस्तकांतच भेटते. मुंबई आमच्यापासून आगगाडीच्या वाटेनें नऊशें किलोमीटरांच्या आसपास दूर. आणि आमच्या वैनगंगेवर जें जलवाहन आम्ही नित्य पाहतों तें म्हणजे धीवर बांधवांचा डोंगा. अशा ठिकाणच्या शाळेच्या वार्षिकांत, शिडाच्या नौकेवर गोडें पाणी कसें सांठवितात व कसें पुरवितात याविषयीं लिहावयास आम्ही बसलों आहों, हें पाहून कित्येक वाचकांस हसूं येईल. त्यांनीं खुशाल हसावें, पण पुढें वाचावें, एवढीच आमची विनंति आहे. कारण लेख नौकेविषयीं असला तरी त्याचा रोख आमच्या शाळेच्या अंगणावर आहे.

रोज सायंकाळीं शेवटची घंटा झाली कीं त्या अंगणांत एक दृश्य दिसतें. मुलें आपापल्या पाण्याच्या बाटल्या उघडतात आणि उरलेलें पाणी जमिनीवर ओतून देतात. दप्तराचें ओझें थोडें हलकें व्हावें, एवढाच त्यांचा हेतु असतो. कांहीं खोडकर मुलें तें एकमेकांच्या अंगावर उडवितात. त्यांत दुष्टपणा मुळींच नाहीं. सकाळीं आईनें गाळून भरून दिलेलें तें पाणी घटकाभर चिखल होतें आणि वाळून जातें. आम्हीं हें कित्येक वर्षें पाहिलें व आम्हांसही त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं. परंतु नौकेवरील पाण्याच्या व्यवस्थेची माहिती आम्ही मिळवूं लागलों, तेव्हांपासून त्या ओल्या जमिनीवरून चालतांना आमचें पाऊल अडखळूं लागलें आहे. तें कां, हेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम ज्या माणसांनीं हा हिशेब स्वतः जगून पाहिला त्यांची ओळख करून देतों. गोव्यांत मांडवी नदीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ नांवाची ५६ फूट लांबीची शिडाची नौका बांधण्यांत आली. ती घेऊन भारतीय नौसेनेचे कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून एकटे निघाले आणि वाटेंत चार बंदरीं थांबत, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०१० मध्यें परत आले. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. पुढें त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी हे १ नोव्हेंबर २०१२ रोजीं निघाले व एकाही बंदरास न लागतां, एकटेच, ३१ मार्च २०१३ रोजीं मुंबईस पोंचले. त्यानंतर गोव्यांतच बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेंतून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं नौसेनेच्या सहा स्त्री-अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजीं निघून २१ मे २०१८ रोजीं स्वदेशीं आल्या. आणि याच ‘तारिणी’वर दिलना के. व रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजीं गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजीं पृथ्वीला वळसा घालून परतल्या. यांच्या धैर्याची वर्णनें वर्तमानपत्रांत पुष्कळ आलीं. वादळें, बर्फासारखा वारा, डोंगराएवढ्या लाटा, हें सर्व वाचून मुलांचें रक्त उसळतें, आणि तें उसळावेंच. परंतु वादळ रोज येत नाहीं. तहान मात्र रोज लागते. म्हणून धैर्याची ती रोजची, शांत, कोणाच्या दृष्टीस न पडणारी बाजू आम्ही आज पुढें मांडतों.

आतां पाटी-पेन्सिल घेऊन आपण हिशेबास बसूं. न्यूझीलंडांतील लिटल्टन बंदरापासून केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंड बेटांतील पोर्ट स्टॅन्लेपर्यंतच्या टप्प्यास ‘तारिणी’वरील त्या सहा जणींस सुमारे चाळीस दिवस लागले. काटकसरीनें राहणाऱ्या खलाशास पिणें व रांधणें मिळून दिवसास चार लिटर गोडें पाणी लागतें असें धरूं. सहा माणसें, चार लिटर, चाळीस दिवस. गुणाकार केला तर ९६० लिटर होतात. एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. म्हणजे जवळजवळ दहा क्विंटल ओझें केवळ पाण्याचेंच झालें. शिवाय वारा पडला, शीड फाटलें, सुकाणू बिघडलें, तर चाळीसाचे साठ दिवस होतील. म्हणून शहाणा नावाडी ठरलेल्या दिवसांच्या दीडपट दिवसांचें पाणी मनांत धरून चालतो. तसें केलें तर आंकडा १,४४० लिटरांवर जातो. लहान नौकेनें एवढें ओझें उचललें तर ती खोल बसते व मंद चालते. मंद चालली म्हणजे दिवस वाढतात, आणि दिवस वाढले म्हणजे पाणी अधिक लागतें! पाणी कमी घ्यावें तर तहान, अधिक घ्यावें तर विलंब, अशा या पेंचांतून मार्ग काढण्याची जी विद्या तीच नौकेवरील पाण्याची व्यवस्था होय.

त्या विद्येचा पहिला नियम असा कीं, सर्व पाणी एका भांड्यांत ठेवूं नये. नौकेंत दोन किंवा अधिक टांक्या असतात व प्रत्येकीची तोटी वेगळी असते. एकींत भेग पडली किंवा खारें पाणी शिरलें, तरी दुसरी शाबूत राहते. टांक्या नौकेच्या तळाशीं व मध्यभागाजवळ बसवितात, म्हणजे तें वजन नौकेला स्थिर ठेवतें. त्यांच्या आंत आडवे पडदे असतात, नाहींतर लाटेबरोबर पाणी इकडून तिकडे आदळून टांकीचे सांधे उखडेल. टांकीस हवा घेण्याची एक बारीक नळी लागते. ती चुकीच्या जागीं निघाली असेल तर एकाच लाटेनें महिन्याचें पाणी नासतें. टांकीला हात जाईल एवढें झांकण ठेवतात, कारण जी टांकी आंतून घासतां येत नाहीं ती स्वच्छ आहे असें म्हणण्यास आधार नसतो. याशिवाय कांहीं पाणी बंद डब्यांत निराळें ठेवलेलें असतें. ते डबे अंधारांत ठेवतात, म्हणजे शेवाळ धरत नाहीं. आणि काठोकाठ भरीत नाहींत, म्हणजे नौका सोडण्याचा प्रसंग आला तर ते पाण्यावर सहज तरंगत बरोबर येतात. त्या डब्यांस एरव्हीं कोणी हात लावीत नाहीं.

दुसरा नियम मापाचा. ठराविक वेळीं टांकींत काठी बुडवून किंवा मापनळी पाहून पाणी किती उरलें तें वहींत लिहितात. आज किती खर्च झाला, काल किती झाला होता, अद्याप किती दिवसांची वाट आहे, हे तीन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले कीं उपदेशाची गरज उरत नाहीं. कोणी कोणाला बोल लावीत नाहीं, वहीच बोलते.

तिसरा नियम हाताचा, किंबहुना पायाचा. ज्या नौकेंत विजेच्या पंपानें नळाला धार येते, तेथें पाणी लवकर संपतें असा नावाड्यांचा अनुभव आहे; आणि कोठें नळी फुटली तर पंप निमूटपणें सारी टांकी नौकेच्या तळांत ओतून देतो. म्हणून अनुभवी लोक पायानें दाबावयाचा लहान पंप पसंत करितात. पाय दाबला तर घोटभर पाणी येतें, पाय उचलला कीं धार थांबते. दोन्ही हात भांडें धुण्यास मोकळे राहतात, आणि प्रत्येक घोटास थोडे श्रम पडत असल्यामुळें घोट मोजला जातो. आमच्या आज्यांनीं विहिरीवरून डोक्यावर गुंड आणले तेव्हां त्यांना पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागली नव्हती. मानेनें ती शिकविली होती. त्यांचे श्रम पुन्हां यावेत असें आम्ही म्हणत नाहीं. नळ आला हें चांगलेंच झालें. परंतु श्रम गेले तेव्हां त्यांच्यासवें मोजण्याची संवयही निघून गेली, ती मात्र जावयास नको होती.

चौथा नियम, ज्या कामास जसें पाणी पुरेल त्या कामास तसेंच वापरावें. नौकेच्या स्वयंपाकघरांत बहुधा एक दुसरा नळ असतो. त्यास समुद्राचें खारें पाणी येतें. भांडीं प्रथम त्या पाण्यानें घासतात व शेवटीं थोड्या गोड्या पाण्यानें विसळतात. भाजी उकडतांना खाऱ्या पाण्याचा कांहीं भाग घातला तर मीठही वांचतें. अंग व कपडे धुण्याचें कामही समुद्रावरच ढकलतात. साधा साबण खाऱ्या पाण्यांत फेस देत नाहीं, कारण त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाला चिकटून त्याचा सांका करितात. म्हणून तेथें निराळा साबण वापरून, शेवटीं फवाऱ्याच्या बाटलीनें पेलाभर गोडें पाणी अंगावर घेऊन मीठ उतरवितात. पेलाभर पाण्याचें स्नान! आमच्या घरीं हात धुण्यापूर्वीं नळ सोडून बोलत उभें राहिल्यानें याहून अधिक पाणी मोरींत जातें.

पांचवा नियम आकाशाकडे पाहण्याचा. पाऊस येतांना दिसला कीं शिडाच्या खालच्या काठाला किंवा ताणलेल्या कापडाला खोळ पाडून, तिच्या टोंकाशीं बादली अडकवितात. पहिली सर घेत नाहींत; कारण शिडावर वाळलेलें मीठ ती धुऊन नेते. जीभ लावून पाणी गोड लागूं लागलें म्हणजे मग टांकीचें तोंड उघडतात. सहा चौरस मीटर कापडावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर साठ लिटर पाणी मिळतें. म्हणजे वरच्या हिशेबानें एका माणसाचे पंधरा दिवस. मात्र यासाठीं खोळ व बादली अगोदर सिद्ध पाहिजेत. सर येऊन गेल्यावर दोरी शोधणाऱ्यास आकाश पुन्हां हांक मारीत नाहीं.

येथें कोणी विद्यार्थी विचारील, “सभोंवार अथांग पाणी असतांना तेंच कां न प्यावें?” प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर शरीरशास्त्राच्या तासाचें आहे. समुद्राच्या एका लिटरांत सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आमचे मूत्रपिंड क्षार बाहेर टाकतात खरे, पण मूत्राला समुद्राइतकें खारट करण्याची शक्ति त्यांस नाहीं. त्यामुळें एक लिटर समुद्रजल पोटांत गेलें तर त्यांतील मीठ धुऊन काढण्यास शरीराला एक लिटराहून अधिक पाणी खर्चावें लागतें. पिणारा प्रत्येक घोटासरशीं अधिक तहानेला होतो. जवळ आहे तें सर्वच उपयोगाचें असतें असें नाहीं, हा धडा समुद्र अशा रीतीनें शिकवितो. तो धडा आम्हांस पुढें लागणार आहे.

“परंतु आतां यंत्रें आहेत ना?” असेंही कोणी म्हणेल. आहेत. समुद्राचें पाणी हवेच्या दाबाच्या पन्नासपटींहून अधिक दाबानें एका अतिसूक्ष्म पडद्यांतून रेटलें कीं पलीकडे गोडें पाणी निघतें, व मीठ अलीकडे राहतें. हें यंत्र मनुष्याच्या बुद्धीचें मोठें फळ आहे. पण त्याला वीज लागते. त्याचा पडदा तेलानें व क्लोरिननें खराब होतो, म्हणून घाणेरड्या बंदरांत तें चालवितां येत नाहीं. आणि तें बिघडतें तेव्हां किनाऱ्यावरील कारागीर मदतीस येऊं शकत नाहीं. यास्तव ज्यास घरीं यावयाचें आहे तो नावाडी, यंत्र नसतें तर मी काय केलें असतें, याचें उत्तर अगोदर तयार ठेवतो. टांकीही दगा देते. अभिलाष टॉमी यांच्या प्रवासांत परतीच्या वाटेवर पिण्याच्या पाण्यांत डिझेल मिसळलें. टांकींत पाणी होतें, पण तें पाणी म्हणून उरलें नव्हतें. उरलेल्या थोड्या चांगल्या पाण्यावर व पावसावर त्यांस पुढचे दिवस काढावे लागले. तेल सांडण्यास क्षण पुरतो. तें पाण्यांतून वेगळें करण्यास भर समुद्रांत कांहींच उपाय नसतो.

ही दूरदृष्टि परदेशांतून शिकावी लागते असें मात्र कोणी समजूं नये. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्गाचा पाया घातला. चोहोंकडे खारा समुद्र, आणि किल्ल्याच्या आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! बेटावर पडलेला पाऊस खडकांत व वाळूंत मुरतो, आणि खाऱ्या पाण्याहून हलका असल्यामुळें त्याच्यावर थर धरून राहतो, असें अशा विहिरींचें शास्त्र आहे. अर्थात् मर्यादेबाहेर उपसा केला तर खालचें खारें पाणी वर चढतें. तेव्हां त्या किल्ल्यावरील शिबंदीलाही मापानेंच पाणी काढणें भाग होतें. विहिरींना लोकांनीं दिलेलीं नांवेंच पाहा: दूध, दहीं, साखर. ज्या वस्तूंचा एक थेंबही कोणी ओतून देत नाहीं, त्यांच्या पंक्तींत त्यांनीं पाण्याला बसविलें.

येथवर समुद्राची गोष्ट झाली. आतां घरीं येऊं.

आमचा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. धानाच्या शेतीसाठीं कोहळी लोकांनीं व मालगुजारांनीं शेंकडों वर्षें तलाव व बोड्या बांधल्या. पाळीवर झाडें ठेवलीं. पाणी कोणाच्या बांधींत केव्हां सोडावयाचें तें ठरवून वांटण्यास माणूस नेमला. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारच्या हातीं गेले; आजही लोक त्यांस ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. मालगुजारी गेली हें न्यायाचेंच झालें, असें आमचें मत आहे. परंतु मालक गेला तेव्हां राखणदारही गेला, आणि त्याच्या जागीं ‘आपण सर्व’ येऊन उभे राहिलों नाहीं. कित्येक तलावांत गाळ सांचला, बेशरमीचीं झुडपें माजलीं, पाळी झिरपूं लागल्या. जें सर्वांचें झालें तें कोणाचेंच राहिलें नाहीं. नौकेवर असें होऊं शकत नाहीं. तेथें टांकी सर्वांची असते म्हणूनच प्रत्येक जण तिच्यावर डोळा ठेवतो.

वैनगंगेचीही कथा अशीच विचार करावयास लावणारी आहे. पवनीजवळ गोसीखुर्द येथें तिच्यावर मोठें धरण झालें. त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसली. त्या जलाशयाच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे डोळ्यांस समुद्राचाच भास होतो. परंतु नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदींतून कन्हानमध्यें व कन्हानमधून या जलाशयांत येतें, हें सर्वश्रुत आहे. म्हणजे आमच्यापुढें पाणी अथांग आहे, तथापि तोंडीं लावण्यापूर्वीं तें शुद्ध करण्याचे कष्ट व खर्च वाढत चालले आहेत. टॉमी यांच्या टांकींतील पाण्याहून हें पाणी कितीसें वेगळें आहे? आम्ही जेव्हां म्हणतों कीं ‘आमच्याकडे पाण्याला काय तोटा!’, तेव्हां आम्ही डोळ्यांनीं दिसणारें पाणी मोजतों. पितां येणारें पाणी मोजीत नाहीं. नावाडी हीच चूक करील तर तो परत येणार नाहीं.

आमच्या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. त्यांचा प्रामाणिकपणें विचार केला पाहिजे. पहिला असा: “भंडाऱ्यांतील मुलानें बाटलीभर पाणी वांचविलें, म्हणून तें मराठवाड्यांतील तहानलेल्या मुलास थोडेंच मिळणार?” नाहीं मिळणार, आणि मिळेल असें जे सांगतात ते मुलांस फसवितात. वांचविलेलें पाणी येथेंच राहतें. परंतु येथेंही मे महिना येतो; येथेंही विहिरी तळ दाखवितात; येथेंही नळाचें पाणी नदींतून उपसून, गाळून, शुद्ध करून, विजेनें टांकीवर चढवून आणावें लागतें. तें ओतून देणें म्हणजे केवळ पाणी ओतणें नव्हे. त्यामागची वीज, औषध व माणसांचे श्रमही ओतणें होय.

दुसरा आक्षेप असा: “खलाशाला काटकसर करावीच लागते, आम्हांस लागत नाहीं. मग उगाच कशास करावी?” याचें उत्तर आंकड्यांत आहे. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें खेड्यांतील दर माणशीं दिवसास ५५ लिटर पाणी मिळावें असें ठरलें. शहरांसाठीं १३५ लिटरांचें माप धरितात. आम्ही कोणीही चार लिटरांवर राहावें असें म्हणत नाहीं. तसें म्हणणें क्रूरपणाचें होईल, व आरोग्यासही घातक होईल. पण गळणाऱ्या एका नळाचा हिशेब पाहा. सेकंदास एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरिला, तर ते चार लिटरांहून थोडे अधिक भरतात. म्हणजे आमच्या हिशेबांतील एका खलाशाचें पूर्ण दिवसाचें पाणी. ज्या घरीं नळ गळतो, त्या घरीं एक अदृश्य खलाशी राहतो. तो रोज पितो आणि कोणाच्याही उपयोगीं पडत नाहीं. तसेंच शाळेंत पांचशें मुलें धरिलीं व प्रत्येकानें पाव लिटर पाणी ओतलें असें मानलें, तर एका सायंकाळीं १२५ लिटर होतात; खलाशाचें एक महिन्याचें पाणी. काटकसर ही अडचणींतच करावयाची असते हा समजच चुकीचा आहे. अडचणींत करावी लागते ती काटकसर नव्हे, उपासमार होय. काटकसर भरल्या टांकीवरच करितां येते.

तेव्हां आमच्या शाळेनें व आमच्या घरांनीं काय करावें, तें थोडक्यांत सुचवितों.

पहिलें, घंटा झाल्यावर बाटलींतील पाणी जमिनीवर पडूं नये. अंगणाच्या दाराशीं एक झांकणाचें पिंप ठेवावें; त्यांत सर्वांनीं उरलेलें पाणी ओतावें व तें पिण्यास न वापरतां झाडांस घालावें. दर सायंकाळीं एका वर्गानें काठी बुडवून माप घ्यावें व फळ्यावर लिहावें. कोणास शिक्षा नको, कोणाचें नांव नको. नौकेच्या वहीप्रमाणें आंकड्यालाच बोलूं द्यावें. तो आंकडा मोठा दिसला तर सकाळीं बाटली किती भरावी हें मुलें आपणच ठरवितील.

दुसरें, शाळेच्या छपराचा पाऊस धरावा. शंभर चौरस मीटर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर पाणी होतें. आणि आमच्याकडे पावसाळ्यांत असे दिवस कितीतरी येतात. पहिली सर धूळ घेऊन जाऊं द्यावी, व पुढचें पाणी गाळून टांकींत किंवा विहिरींत सोडावें. मात्र पन्हळ मृगापूर्वीं लागली पाहिजे.

तिसरें घरच्यांसाठीं. पाणी शुद्ध करणारें यंत्र अनेक घरीं आलें आहे. बहुतेक यंत्रें एक लिटर शुद्ध पाणी देतांना त्याहून अधिक पाणी नळीवाटे टाकून देतात. तें पाणी पिण्यास योग्य नसेल. फरशी पुसण्यास व संडासांत ओतण्यास तें उत्तम आहे. नळीखालीं बादली ठेवणें एवढेंच त्यास लागतें. नौकेवरील दुसऱ्या नळाची कल्पना ती हीच.

आणि चौथें, वर्षांतून एक दिवस वरच्या वर्गांतील मुलांनीं ‘नौकेचा दिवस’ पाळावा. हात-तोंड, भांडीं, फरशी, सर्व कामांचें पाणी मोजून एका पिंपांत भरावें व सायंकाळपर्यंत पुरवावें. पिण्याच्या पाण्यावर मात्र कसलेंही बंधन असूं नये. आमच्याकडील उन्हाळा मुलांस चांगलाच ठाऊक आहे; त्या उन्हांत जो मुलगा पाणी वांचविण्यासाठीं कमी पितो तो शहाणा नव्हे. नावाडीसुद्धां प्रथम पितो, मग वांचवितो. हें आम्ही मुद्दाम लिहितों, कारण मुलांच्या मनांत एखादी गोष्ट भरली म्हणजे तीं टोंकास जातात, आणि त्याचा दोष मग शिकविणाऱ्याकडे येतो.

पालकहो, आपणांस एक शेवटची विनंति. मुलें कानांनीं शिकतात त्याहून डोळ्यांनीं अधिक शिकतात. दाढी करतांना सोडलेला नळ, दारापुढची गाडी धुणारी नळी, भरून वाहणारी छपरावरची टांकी, हे आमचे घरचे धडे आहेत. त्यांच्यापुढें शाळेचा फळा दुबळा पडतो.

पांच भाकरी व दोन मासे यांनीं प्रभूनें सहस्रावधि लोकांस जेवूं घातलें ती कथा आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ आहे. त्या कथेचा चमत्कार सर्वांच्या ध्यानांत राहतो. शेवट मात्र पुष्कळांच्या ध्यानांतून जातो. सर्व तृप्त झाल्यावर त्यानें शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं पाहिजे तितकें अन्न निर्माण करण्याचें सामर्थ्य होतें, त्यानेंच उरलें-सुरलें वायां जाऊं दिलें नाहीं. विपुलता हें टाकून देण्याचें कारण होऊं शकत नाहीं, हें याहून स्पष्ट कोणी सांगावें? आमच्या जिल्ह्याला देवानें तळीं दिलीं, नदी दिली, चार महिन्यांचा पाऊस दिला. हा तलावांचा जिल्हा हीही एक नौकाच आहे. फरक एवढाच कीं तिचा किनारा आम्हांस दिसत नाहीं, आणि तिची वही अद्याप कोणी उघडलेली नाहीं. येत्या वर्षीं ती आमच्या शाळेच्या दाराशीं, एका पिंपाजवळ, एका खडूनें उघडली जावी, एवढीच आमची इच्छा आहे.